विहिरीकडचा तुकडा

फोटो आला तेव्हा ओळंबा इस्पितळाच्या तळघरातून वर येणाऱ्या उतारावर उभा होता, आणि पहिल्या नजरेला त्याला स्वतःचं रान ओळखू आलं नाही. कुणाचं तरी नांगरलेलं शेत, एवढंच दिसलं. काळंभोर, ओलसर, नीट उलटलेलं. छान काम झालंय, असंसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं. तीस वर्षं नांगरट केलेल्या माणसाच्या मनात ते येणारच. मग त्याचं लक्ष नांगराच्या तासांच्या टोकांकडे गेलं. प्रत्येक तास बांधाजवळ जाता जाता किंचित डावीकडे झुकलं होतं. असं तास काढणारा माणूस या पृथ्वीवर एकच, त्याचा थोरला भाऊ. बांध जवळ आला की दादाला मागे वळून झालेलं काम बघायची सवय आहे, आणि माणूस वळला की हात वळतो. ओळंबा लहानपणापासून त्याला त्यावरून चिडवत आला होता. त्याला स्वतःला ओळंबा म्हणायचे तेही त्यामुळेच. गवंड्याने दोरी सोडून बघावं इतकं याचं तास सरळ, असं कुणीतरी कधीतरी म्हणालं आणि खरं नाव मागे पडलं. मग फोटोच्या कोपऱ्यात विहिरीचा कठडा दिसला, पंपाची पत्र्याची खोली दिसली. हे त्याचंच रान. या रानात नांगर घालायचा नव्हता. या रानात एकवीस दिवसांपूर्वी, न नांगरता, गहू पेरलेला होता.

तेवढ्यात फोन वाजला. दादाच. "बघितलास का?" म्हणाला, आणि उत्तरासाठी न थांबता सांगत सुटला. तू सांगून गेला होतास एकविसाव्या दिवशी पहिलं पाणी दे, म्हणून काल संध्याकाळी पाणी सोडायला आलो. बघतो तर काय, पाणी द्यायचं कुणाला? सगळीकडे मक्याची धाटं आडवी पडलेली, मध्ये मध्ये गव्हाची एखादी काडी, तीही पिवळट. रस्त्याने जाणारा येणारा बघतोय. मला बघवेना रे. आज पहाटे पाचला ट्रॅक्टर काढला. अडीच एकर झालंय, फक्त विहिरीकडचा अर्धा एकर राहिलाय, तो जेवून घेतो. माझ्याकडचं बियाणं आहे, संध्याकाळी पेरूनसुद्धा टाकतो; पेरा जरा उशिराचा, पण हाती लागेल. आणि मग आवाज खाली आणून, बाजूला कुणी नसताना आणतात तसा, दादा म्हणाला, "तू मनाला लावून घेऊ नकोस, धाकट्या. तुला वेळ नव्हता. तिचं हे सगळं चाललेलं. म्हणून तू ते नांगरायचं नाही, नवीन पद्धत आहे, असं म्हणत होतास. मला कळत नाही का? मी कुणाला एका शब्दाने बोललो नाही. सगळ्यांना हेच सांगितलं, भाऊ काहीतरी नवीन करतोय."

ओळंब्याने तोंड उघडलं. दादा पुढे म्हणाला, "काल तुझा फोन लागेना, म्हणून तिच्या फोनवर केला होता. तिलाही विचारलं. ती काही नाही म्हणाली नाही."

"हं," ओळंबा म्हणाला. फोन बंद झाला.

आता यात अवघड असं काय होतं? एक शब्द बोलायचा होता. थांब. दादा थांबला असता. का, म्हणून विचारलंही नसतं कदाचित. पण बायकोच्या आजाराचं कळल्यापासून दादाचा आवाज त्याने असा ऐकला नव्हता. गेले तीन महिने दादा फोनवर यायचा तो घसा खाकरत, मयताला गेलेला माणूस दारात घुटमळतो तसा. काय बोलावं कळायचं नाही, मग हवामान सांगायचा आणि ठेवून द्यायचा. आज त्याला भावासाठी करण्यासारखं काहीतरी सापडलं होतं. पाठीला पट्टा बांधून सहा तास ट्रॅक्टरवर हादरत बसला होता आणि आवाज कसा फुललेला होता. त्या आवाजाला कसं सांगायचं की दादा, तू माझं पीक मोडलंस? शत्रूने मोडलं असतं तर बांधावर जाऊन आईबापाचा उद्धार करता आला असता. इथे आपलेच दात आणि आपलेच ओठ. शिवाय ते शेवटचं वाक्य. ती नाही म्हणाली नाही. म्हणजे तिला माहीत होतं. कालपासून माहीत होतं. त्याने घड्याळात बघितलं, अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. दादा बाराला जेवतो, बारा म्हणजे बारा, मग पाठ टेकायला पंधरा मिनिटं. साडेबाराशिवाय तो ट्रॅक्टरवर चढत नाही. तासाभराहून जास्त वेळ होता. आधी तिला विचारू, त्याने ठरवलं. तिलाच ते पीक नको असेल तर मग कुणासाठी भावाचं मन मोडायचं? तोपर्यंत ती बाहेर येईलच. असं ठरवल्यावर त्याला थोडं हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याची लाज वाटली, आणि तो तळघरात उतरला.

तळघरात फोन लागत नाही. किरण देण्याचं यंत्र जमिनीखाली, जाड भिंतींच्या आत, म्हणून ते तसं. एकदा खाली गेलं की माणूस जगापुरता संपला. पांढऱ्या नळीदिव्यांखाली खुर्च्यांच्या चार रांगा, भिंतीवर आकडे दाखवणारी पाटी, कोपऱ्यात पाण्याचं पिंप आणि त्याला साखळीने बांधलेला स्टीलचा पेला. तो पेला का बांधला असेल, याचा पहिल्या दिवशी त्याला राग आला होता. इथे येणारी माणसं पेला चोरायला येतात काय? आज नववा दिवस, आणि आता तो त्या साखळीकडे बघतसुद्धा नव्हता. एकूण पस्तीस वेळा यायचं होतं. बायको पावणेअकरालाच आत गेली होती, पण यंत्र मध्ये बंद पडलं होतं, म्हणून सगळी रांग खोळंबली होती. आकडा एकोणसाठवर अडकलेला, तिचा बासष्ट. आत एक छोटी खोली आहे, तिथे इस्पितळाचा झगा घालून बसवतात. त्या दारापलीकडे नातेवाइकांना जाऊ देत नाहीत. तो दारासमोरच्या खुर्चीवर बसला. शेजारी रोजचा शिंपी होता, त्याच्या भावाला आत नेलेलं असायचं. शिंप्याची नजर ओळंब्याच्या हातातल्या फोनवर गेली, फोटो अजून उघडाच होता. तुमचं शेत का, त्याने विचारलं. ओळंब्याने मान हलवली. वा, किती नीटनेटकं, शिंपी म्हणाला, अगदी कापड अंथरल्यासारखं. मग त्याने मान तिरकी करून टोकाकडे बघितलं आणि म्हणाला, इथे जरा तिरपं गेलंय, पण धुतल्यावर बसेल. ओळंब्याला हसू आलं. हसता हसताच तो पाणी प्यायला उठला.

गेल्या वर्षी त्याच्या रानात विजेचा खांब रोवायला माणसं आली होती. त्यांनी खड्डा खणला, आणि हा आपला रिकामटेकडा बघायला गेला. वीतभर माती भुसभुशीत निघाली, आणि मग पहारीचा आवाजच बदलला. खाली एक थर होता. फिकट, घट्ट, चार बोटं जाडीचा. खणणारा म्हणाला, काय मालक, रानात फरशी घातलीय काय? सगळे हसले, हाही हसला. मग तो खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला आणि त्याला मक्याची मुळं दिसली. वरून सरळ खाली आलेली, त्या थरापर्यंत; आणि तिथून काटकोनात वळून आडवी गेलेली. एकही मूळ खाली शिरलं नव्हतं. एकही नाही. खालची ओल खालीच राहिली होती आणि वर पीक दर वर्षी पाणी पाणी करत होतं. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. फरशी घातली होतीच. त्यानेच घातली होती. त्याच्या आधी दादाने, त्याच्या आधी बापाने, दर वर्षी त्याच खोलीवर नांगर घालून घालून. सरळ तासं म्हणून लोक ज्याचं कौतुक करायचे, तो हात तीस वर्षं जमिनीचा गळा आवळत होता. हे बोलायचं कुणापाशी? दादापाशी बोललं तर तो म्हणाला असता, खांब हलवायला सांग. बायकोपाशी बोलला. दुसऱ्या दिवशी ती आली, साडी खोचून खड्ड्यात उतरली, त्या थरावर तळहात ठेवून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "मग पुढच्या गव्हाला नको नांगरूया." आमटीत आज तिखट कमी घालूया, म्हणावं तितक्या सहज.

म्हणजे मूळ कल्पना तिची. तो विसरला नव्हता. लोकांत त्याचं नाव झालं, ओळंब्याचं डोकं फिरलंय, असं. पण डोकं तिचं होतं. शेतकी खात्याचा माणूस आला, त्याने समजावलं, याला शून्य मशागत म्हणतात, आधीच्या पिकाचा पाला अंथरलेला राहू द्यायचा, यंत्र फक्त चीर पाडून त्यात बी सोडतं. तो गेल्यावर ती म्हणाली, शून्य मशागत? ती तर तुम्ही घरात बावीस वर्षं करताय. तेव्हा तिचा आवाज घोगरा झाला होता, तरी विनोद ऐकू येण्याइतका होता. पेरणीचा दिवस त्याला फार जड गेला. यंत्र पुढे जात होतं आणि मागे काहीच दिसत नव्हतं. धाटं होती तशी, माती होती तशी, एखाद्याने नुसतीच रानातून फेरी मारावी तसं. नांगरल्यावर माणसाला कळतं, आपण आज काही केलं. इथे हात मोकळे. घरी आल्यावर त्याने त्या मोकळ्या हातांनी विनाकारण गोठ्याचं दार दुरुस्त केलं. बिघडलेलं नव्हतं, तरी केलं. ती मात्र रोज सकाळी जाऊन धाटं बाजूला सारून बघायची. आठव्या दिवशी तिने बांधावरून टाळ्या वाजवल्या. हाक मारण्याइतका आवाज तोवर उरला नव्हता. तो धावत गेला. तिने दोन बोटांनी पाला दूर केला होता आणि खाली तीन कोंब होते, सुईएवढे, फिकट हिरवे. काही ठिकाणी धाट चिरेत दाबलं गेलं होतं आणि बी मातीला न लागता त्याच्यावरच पडलं होतं. तिथे काही उगवणार नव्हतं, हे त्याला दिसत होतं. पण विहिरीकडे बरं होतं. विहिरीकडच्या अर्ध्या एकरात ओळ धरून आलं होतं. दोन दिवसांनी ते दोघं शहरात आले.

आणि इथे आल्यापासून एक खेळ सुरू झाला. दुपारी इस्पितळातून खोलीवर जाताना, त्या मोठ्या चौकात दिवा हिरवा होईपर्यंत थांबावं लागतं तिथे, ती बोटं वर करायची. दोन बोटं, म्हणजे गहू आता दोन बोटं झाला असेल. तो मान हलवून तीन करायचा. ती डोळे मोठे करायची, मग अडीचवर तडजोड व्हायची. परवा चार बोटं झाली होती. लोक बघायचे, बघू देत. बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि परवापासून तर बोलायला काही उरलंच नव्हतं. तोंड उघडलं तरी हवा यायची, आणि लिहायला ती कधी शिकलीच नव्हती. होतं असं, परत येईल किंवा नाही येणार, आत्ता सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. ज्या बाईची हाक तीन शेतं ओलांडून यायची, तिची ही गत. आणि त्याने काय केलं? आठ महिने तिचा आवाज बसलेला होता आणि त्याने काय केलं? मीठपाण्याच्या गुळण्या कर म्हणाला. एकदा दादासमोर म्हणाला, घरात कशी छान शांतता आहे. तीही हसली होती. पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, हे किती दिवस आहे? तो म्हणाला, झाला असेल महिना, दीड महिना. तिने टेबलाखालून हात वर काढला आणि आठ बोटं दाखवली. डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. त्या नजरेपुढे त्याला जे वाटलं, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. रान काय आणि माणूस काय, वरवर बघून चाललंय चाललंय म्हणत राहिलास, असं त्याचं त्यालाच वाटलं.

आकडा साठ झाला. बारा वाजायला दहा मिनिटं. शिंप्याचा भाऊ बाहेर आला, शिंप्याने त्याला टोपी घातली आणि दोघं गेले. आता ओळंब्याला एकट्याला राग येऊ लागला, आणि आश्चर्य म्हणजे तो दादाचा नव्हता, तिचा होता. तिने हो कसं म्हटलं? कारण नाही न म्हणणं म्हणजे हो, हा त्यांच्या घरातला बावीस वर्षांचा कायदा होता. ती दादाशी कधी फार बोलायची नाही. भीती नव्हे, अबोलाही नव्हे, आपलं तसं पडून गेलेलं. दादाने काही विचारावं, तिने गप्प राहावं, की झालं, होकार. नको असलं तर आतल्या खोलीतून एकदाच "नको" यायचं, खणखणीत, आणि दादा मुकाट्याने ऐकायचा. घर बांधताना जिना कुठे घ्यायचा इथपासून म्हैस विकायची का इथपर्यंत सगळं याच रीतीने ठरलेलं, आणि कधी एकदाही चुकलेलं नव्हतं. मग काल तिला ते "नको" म्हणायला काय झालं होतं? की तिला कधी पटलंच नव्हतं? आपलं मन राखायला ती रोज धाटं उचकत होती? की इथे, त्या यंत्राखाली पडल्या पडल्या तिने ठरवलं, की आपण उरलो नाही तर या माणसाच्या पदरात निदान घरचा गहू पडू दे, नांगरून का होईना? हा विचार आला आणि राग एकदम मऊ पडला, आणि मऊ पडला म्हणून जास्तच लागला. तिनेच आशा सोडली असेल तर मग हा इथे पस्तीस दिवस कशाच्या जोरावर बसणार होता? काल संध्याकाळी तो औषधं आणायला बाहेर गेला होता, तेव्हाच फोन आला असणार; रात्री झोपायच्या आधी तिने दोनदा त्याची बाही ओढली होती. त्याला वाटलं, खेळायचंय. तो दिवसभराचा थकलेला. त्याने ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं, उद्या, म्हणाला, आणि दिवा घालवला. आता वाटत होतं, तेव्हा ती हेच सांगत असेल. दादाला हो म्हटलंय, असंच सांगत असेल.

बारा वाजले. म्हणजे दादाने चिंचेखाली डबा सोडला. आकडा एकसष्ट. ओळंबा उठला, उताराकडे गेला, परत आला. वर जावं तर इकडे दार उघडायचं आणि ती भेलकांडत एकटी बाहेर यायची; परवा तिला बाहेर आल्या आल्या चक्कर आली होती. खाली थांबावं तर फोन नाही. इकडे आड तिकडे विहीर, आणि विहिरीपाशीच तो अर्धा एकर. त्याने मनातल्या मनात दादाशी बोलून बघितलं. दादा, तो एवढा तुकडा राहू दे. का, म्हणशील तर मला बघायचंय. काय बघायचंय, म्हणशील तर ते मला सांगता येत नाही. गहू आला असता का नसता आला, एवढंच. आला नसता तर नसता. दादा, अडीच एकर गेलं त्याचं मला काही नाही, पण आता आम्हाला कधी कळणारच नाही रे. तू म्हणशील विरळ होतं, मी म्हणेन बुडाला फुटवे येऊन दाट झालं असतं, आणि दोघांपैकी खरं कोण ते सांगायला रानात एक काडी नसेल. हे सगळं मनात किती सरळ येत होतं. आणि फोनवर "हं" म्हणाला होता. भाऊ म्हणून, ओळंबा म्हणून, नवरा म्हणून त्याच्यापाशी तेवढंच होतं, हं. पाटीवर बासष्ट आला. बारा वाजून आठ मिनिटं. यंत्र सुरू झाल्याचा घुमारा भिंतीतून यायला लागला. आत तिच्या चेहऱ्यावर तो जाळीचा साचा चढवून खटके लावले असतील. हलायचं नाही, गिळायचं नाही, पंधरा मिनिटं. तिच्या चेहऱ्यावरूनच तो साचा काढलेला आहे, दुसऱ्या कुणाला बसणार नाही. त्याने आपल्या हातांकडे बघितलं. तिच्यासाठी इथे करण्यासारखं एकच काम होतं, बसायचं. तेही त्याला धड येत नव्हतं.

बारा पंचवीसला दार उघडलं. तिच्या कपाळावर आणि गालांवर जाळीचे चौकोन उमटले होते, रोज उमटायचे आणि तासाभराने जायचे. तिने त्याच्याकडे बघून डावा हात वर केला आणि पाच बोटं पसरली. आज पाच. त्याने बोटांकडे बघितलं नाही. तिला खुर्चीवर बसवलं, समोर उकिडवा बसला आणि विचारलं, "काल दादाचा फोन आला होता तुला?"

तिने हात खाली घेतला. मान हलवली, हो. मग घाईघाईने त्याच्या मनगटाला धरलं.

"त्याने विचारलं, नांगरून टाकू का. तू काय म्हणालीस?"

तिने तोंड उघडलं. ओठ पुढे आले, मग गोल झाले. नको. पुन्हा, गळ्याच्या शिरा ताणून: नको. त्याच्या तोंडावर फक्त तिचा ऊन श्वास आला. तिने एक हात फोनसारखा कानाशी नेला, दुसऱ्या हाताने खुर्चीच्या दांडीवर आपटलं, नको, नको, नको, आणि मग कानाचा हात खाली घेऊन नुसती बघत राहिली. पलीकडून फोन ठेवून दिला होता, हे तिने मान वाकडी करून सांगितलं. आणि मग तिने त्याची बाही धरून दोनदा ओढली, काल रात्री ओढली होती तशी, आणि स्वतःच्याच ओठांवर बोट ठेवून त्याला दाखवलं, तू असं केलंस.

दादाला हे ठाऊकच नव्हतं. कसं असणार? आवाज सुधारतोय, काळजी करू नको, असं रोज फोनवर कोण सांगत होतं? हाच. दादाच्या जिवाला घोर नको म्हणून. दादाने काल नेहमीप्रमाणे विचारलं, नेहमीप्रमाणे वाट बघितली, नेहमीप्रमाणे "नको" आलं नाही. त्याचं काही चुकलं नव्हतं. सगळं रीतीप्रमाणे झालं होतं. ओळंबा उठून उभा राहिला. तिनेच त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला उताराकडे ढकललं. जा. तिला एकटं कसं सोडायचं म्हणून तो घुटमळला, तेव्हा तिने अशा नजरेने बघितलं की पूर्वी त्या नजरेबरोबर तीन शेतं ओलांडणारी हाक आली असती. तो पळाला.

उतारावर गाड्या खाली येत होत्या, एकाने भोंगा वाजवून शिवी घातली. फोनवर रेंजची एक कांडी आली, दोन आल्या. बारा तीस. त्याने लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. दादा ट्रॅक्टरवर चढताना सदरा काढून फांदीला अडकवतो आणि फोन सदऱ्याच्या खिशात राहतो, हे त्याला माहीत होतं; त्या सदऱ्यात फोन कसा वाजत असेल हेही त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. अजून चढला नसेल, पाठ टेकून पडला असेल, असं म्हणत त्याने चौथ्यांदा लावला, पाचव्यांदा लावला. अर्ध्या एकराला किती वेळ लागतो हे त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? पाऊण तास. पाऊण तासात कधीही दादाने यंत्र थांबवून पाणी प्यायलं, तर निम्मं तरी राहील. निम्मं नाही तर चार ओळी. चार ओळीसुद्धा पुरल्या असत्या. तो लावत राहिला. मग त्याला कुणीतरी धापा टाकत असल्याचं जाणवलं. ती भिंतीला धरून धरून उतार चढून आली होती. त्याने तिला कठड्यावर बसवलं. तिने भुवया वर केल्या. त्याने मान हलवली, नाही उचलत.

एकला पाच मिनिटं असताना फोन आला. तिने आपलं डोकं त्याच्या डोक्याला टेकवलं, दोघांचे कान एका फोनला.

"अरे, किती फोन केलेस," दादा म्हणाला. "मी रानात होतो. झालं बघ सगळं. मघाशी तुझ्याशी बोललो आणि म्हटलं जेवण कुठे पळून जातंय, आधी तो विहिरीकडचा तुकडा उरकू. साडेअकरालाच लागलो. कधीच झालं, आता ढेकळं फोडायला कुळवून घेत होतो. तुझं काय काम होतं?"

ओळंब्याने डोळे मिटले. साडेअकरा. तो शिंप्याला फोटो दाखवत होता तेव्हा. सबंध वेळ तो ज्या बारा आणि साडेबाराच्या आशेवर खाली बसला होता, त्यात वेळ असा नव्हताच कधी. होता तो एक "हं" म्हणायला लागला तेवढाच. पलीकडे दादा वाट बघत होता. त्याच्या धापेचा आवाज येत होता, म्हातारा होत चाललेल्या माणसाची धाप.

"काही नाही," ओळंबा म्हणाला. "जेवलास का, एवढंच विचारायला केला होता."

"आता जेवतो की. अरे, पाठ अशी ठणकतीय, पण समाधान वाटलं. बरेच दिवसांनी काहीतरी झालं हातून." मग म्हणाला, "ती आहे का जवळ? दे जरा."

त्याला फोन द्यायचा नव्हता, पण तिने तो त्याच्या हातातून काढून घेतला. कानाशी धरला. गालांवरचे चौकोन अजून तसेच होते. समोरून एक गाडी उतारावरून खाली गेली. तो फोनच्या दुसऱ्या बाजूला कान लावून बसला.

"काय गं," दादा म्हणाला, "बघितलंस ना फोटोत? आता रान कसं दिसतंय. बरं वाटलं ना?"

तिने तोंड उघडलं. ओळंब्याच्या कानावर तिचा श्वास आला, दादाला तोही गेला नसेल. दादा थांबला, तिच्या उत्तरासाठी बावीस वर्षं थांबत आला होता तेवढाच.

"बरं, बरं," दादा म्हणाला, आणि फोन ठेवून जेवणासाठी हात धुवायला गेला.